समन्सची वाट पाहणारे काका

कोर्टाचं बोलावणं यावं म्हणून झुरणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात एकच आहे, आणि तो माझ्या डोक्यावर, म्हणजे पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये बरोब्बर माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. तुआसच्या एका गोदीत तीस वर्षं जहाजांचे जोड तपासून काका निवृत्त झाले, इथलेच नागरिक झाले, आणि तेव्हापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ते खाली लेटरबॉक्सपाशी उभे असतात. किल्ली फिरवायची, विजेचं बिल, शिकवणीची जाहिरात, पिझ्झ्याचं कूपन, एकेक कागद उलटासुलटा करून पाहायचा आणि "आजही नाही," म्हणून दार लावायचं. या देशातली ज्यूरी पन्नासएक वर्षांपूर्वीच मोडीत निघाली, हे त्यांना मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते माझ्याकडे, गंजलेल्या नटबोल्टकडे बघावं तसं बघून म्हणाले, "बंद पडलेली गोष्ट सुरू होत नाही, असं कुठे लिहिलंय का?"

हे खूळ आलं अमेरिकेहून. तिकडच्या त्यांच्या लेकीला एकदा ज्यूरीचं समन्स आलं आणि ती फोनवर वैतागून विचारत होती, "बाबा, यातून सुटायला काय कारण देऊ?" काका त्या रात्री जेवले नाहीत. "अरे, सरकार हजारो नावांतून तुझं नाव उचलतं, घरी पत्र पाठवतं की बाई, ये आणि न्याय कर, आणि ही डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधतेय! मला इथे बोलावलंय ते फक्त दाताच्या दवाखान्यानं." मग त्यांनी ज्यूरी कशी निवडतात याचा असा काही अभ्यास केला, की लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत सापडलेला माणूस दहाव्या मजल्यापर्यंत सावत्र भावाचा पक्षपात आणि सख्ख्या मेव्हण्याचा पक्षपात यांतला फरक शिकूनच बाहेर पडे.

या अभ्यासाचा उपयोग होण्याची वेळ आली ती गणपतीत. आमच्या मंडळाची उकडीच्या मोदकांची स्पर्धा असते. चार वर्षांपूर्वी काकूंचा पहिला नंबर आला होता. परीक्षक होते काकांचे गोदीतले जुने स्नेही. त्या दिवशी जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "परीक्षक तुआसचे, मोदक पुंगोलचे, बक्षीस घरचं!" रांग खदखदून हसली, वाक्य हॉलभर फिरलं आणि संध्याकाळपर्यंत काकूंच्या कानावर गेलं. काकूंनी बक्षिसाचं तबक कपाटावर पालथं ठेवलं ते ठेवलंच. पुढची दोन वर्षं मोदक केले, सगळ्या मजल्यांवर वाटले, स्पर्धेत मात्र उतरल्या नाहीत. तो 'कुणीतरी' कोण, हे कधी उघड झालं नाही. तो मी होतो. विनोद सुचला की तोंड आवरत नाही, हा माझा जन्मजात आजार आहे.

गेल्या वर्षी काकांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर केलं, "आता परीक्षक नाही. ज्यूरी." सभासदांच्या यादीतलं प्रत्येक नाव चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या पिठाच्या डब्यात पडलं. चिठ्ठ्या काढायला माझी सात वर्षांची मुलगी. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, शेक प्रॉपर्ली लाह!" आणि काकांनी डबा अशा भक्तिभावाने हलवला, की जणू आत गणपती असावेत. ज्यांची नावं निघाली त्यांच्या लेटरबॉक्समध्ये जाड लिफाफे पडले. आत सही-शिक्क्याचं समन्स, खाली 'गैरहजर राहिल्यास कारण लेखी कळवावे', आणि फाडून परत द्यायची पोचपावती. मधुमेहवाल्यांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना माफी होती. माझं नाव निघालं तेव्हा मी तिसरं कारण शोधत होतो.

मग उलटतपासणी. पहिला प्रश्न होता, "गेल्या सहा महिन्यांत कुठल्या स्पर्धकाच्या घरी जेवलात?" इथे मराठी माणसं मूठभर, आणि शनिवार आला की सगळी एकमेकांच्या घरी. पहिल्या तासात अख्खी ज्यूरी बाद झाली. काकांनी जड अंतःकरणाने सहा महिन्यांचा आठवडा केला आणि बारा जणांचे पाच केले. मला दुसरा प्रश्न विचारला, "कुठल्या स्पर्धकाबद्दल पूर्वी चांगलं-वाईट काही बोलला आहेस?" काका चष्म्यावरून बघत होते. आठ दिवसांपूर्वी मी काकूंना लिटिल इंडियातून मोदकाच्या पिठीची पिशवी आणताना पाहिलं होतं. त्या उतरणार हे मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणालो.

"शाबास," काका म्हणाले, आणि यादीत माझ्या नावापुढे खूण केली.

स्पर्धेच्या दिवशी आम्हा पाच जणांना हॉलमागच्या खोलीत कोंडलं. फोन काढून घेतले. दाराबाहेर खुर्ची टाकून काका स्वतः बसले, आत डोकावायचं नाही म्हणून पाठ करून. समोर नऊ ताटल्या, फक्त आकडे लावलेल्या. चार नंबरचा मोदक फोडला आणि माझा जीव भांड्यात पडला. सारणात जायफळ! अकरा सुबक कळ्या! हा हात काकूंचाच. त्या क्षणी मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. बाकी चौघांचं मत सात नंबरला होतं. "सातची पारी बघा, किती पातळ," चौघांतले एक बँकवाले म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, पातळ काय, कागदसुद्धा असतो. आत्मा सारणात असतो." पाऊण तास मी असा लढलो, की एकेक करून चौघेही माझ्याकडे आले. बँकवाले शेवटी म्हणाले, "घ्या चार! पण आता चहा मागवा."

चार नंबर पहिला आला. लिफाफा उघडला तर नाव निघालं मुंबईहून नुकत्याच आलेल्या एका मुलीचं, जी महिनाभर काकूंकडे मोदक शिकायला येत होती. आणि सात नंबर, दुसरा, काकूंचा.

टाळ्या वाजल्या. मी काकूंपाशी जाऊन पुटपुटलो, "पण काकू, तुमच्या सारणात जायफळ..."

"मुद्दाम नाही घातलं रे," काकू म्हणाल्या. "कुणी हात ओळखला असता तर परत तेच झालं असतं." मग दुसऱ्या बक्षिसाची वाटी पदराने पुसत हसल्या. "दुसरा आला, पण माझा आला." घरी गेल्यावर त्यांनी कपाटावरचं पालथं तबक सुलटं केलं आणि ही वाटी त्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दहाला मी खाली लेटरबॉक्सपाशी काकांना गाठलं. "काका, खोलीत काल एक घोळ झाला. आणि त्याआधी, तीन वर्षांपूर्वी, जेवणाच्या रांगेत..."

काकांनी हात वर केला. "खोलीतलं खोलीत राहतं. ज्यूरीचा पहिला नियम."

"पण रांगेतलं?"

काका किल्ली लावता लावता थांबले. मग म्हणाले, "ती काल रात्री गाणं गुणगुणत भांडी घासत होती. तीन वर्षांनी. निकाल लागला की फाईल बंद." त्यांनी पेटी उघडली, बिल उलटसुलट पाहिलं, कूपन उलटसुलट पाहिलं. "आजही नाही," म्हणाले, आणि लिफ्टकडे निघाले.

यंदा त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पिठाचा डबा माझ्याकडे आलाय. चिठ्ठ्या लिहिताना कधीकधी मनात येतं, सगळ्यांवर एकच नाव लिहावं आणि एका सकाळी त्यांच्या पेटीत एक जाड लिफाफा पडू द्यावा. पण घरात स्पर्धक असलेला हा माणूस पहिल्याच प्रश्नाला स्वतःहून बाद होईल, आणि डब्यात काळंबेरं झालं हेही चष्म्यावरून ओळखेल. म्हणून मी प्रामाणिकपणे प्रत्येक नाव एकदाच लिहितो. त्यांचंही, एकदाच. आणि मुलीला सांगतो, "शेक प्रॉपर्ली."