टाकीला नोटीस

नोटीस आमच्या घराला आली तेव्हा मी स्वतः ग्रामपंचायतीची सदस्य होते.

शिपाई दारात उभा राहिला, पण कागद पुढं करायला धजेना. "वैनी, मला दिलाय म्हनून आनलाय," एवढंच म्हणाला. मी सही करून कागद घेतला. खाली सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या, मधे गोल शिक्का. आमचं घर मोडकळीला आलेलं आहे, ते कोसळण्याची शक्यता आहे, आत राहणाऱ्यांना आणि जवळून जाणाऱ्यांना त्याचा धोका आहे, तरी पंधरा दिवसांत धोकादायक भाग उतरवून घ्यावा, असा मजकूर होता. मी नववीपर्यंत शिकलेली. तीनदा वाचला.

नव्वदीची मधली वर्षं होती. शिनोलीच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. बायकांना पंचायतीत राखीव जागा नुकत्याच मिळाल्या होत्या आणि आमच्या बौद्धवस्तीच्या वॉर्डातून मी निवडून आले होते. पहिल्या मीटिंगच्या आधीच ग्रामसेवकानं माझ्या मालकांना सांगून ठेवलं होतं, "ताईंना कशाला त्रास, रजिस्टर घरी पाठवतो, सही तेवढी घ्या." मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, सही माझी आहे तर खुर्चीही माझीच आहे. तेव्हापासून एकही मीटिंग चुकवली नव्हती.

नोटिसा एकूण सहा निघाल्या होत्या. सहाही आमच्या वस्तीत. वरच्या आळीत एका घराची मागची भिंत दोन पावसाळे बल्ल्यांच्या टेकूवर उभी होती, तिला काही नाही. शेजारणी कागद घेऊन माझ्याकडं आल्या. एक म्हणाली, "तू पंचायतीत असून असं कसं?" मी सांगितलं, हा विषय मीटिंगला आलाच नव्हता.

माझे वडील गवंडी होते. पिंपरी पेंढारला माहेरी निरोप धाडला, तसे ते दुसऱ्या दिवशी ओळंबा घेऊन आले. आमच्या मागच्या भिंतीला त्यांनी ओळंबा लावला, फुगवट्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोट आलंय. वीतभर भायेर हाय. नोटीस खोटी न्हाई, बाय."

हेच मला जास्त लागलं. नोटीस खोटी असती तर भांडायला सोपं होतं.

चहा पिऊन वडील एसटीकडं निघाले. मी त्यांना पोचवायला गेले. वाटेत पाण्याची टाकी होती. वस्ती आणि शाळेच्या मधोमध, चार पायांवर उभी. तिच्याखालीच आमचा सार्वजनिक नळ. वरच्या आळीला घरोघर नळ होते, आम्ही सगळ्या टाकीखाली हंडे घेऊन रांगेत. वडील तिथं थांबले. एका पायाचं प्लॅस्टर गळून सळया उघड्या पडल्या होत्या, आम्हाला रोजच्या दिसायच्या. त्यांनी पिशवीतून हातोडी काढून दुसऱ्या पायावर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"आत गंज चढलाय," ते म्हणाले. "लोखंड गंजलं की फुगतं, आन सिमीटाला भायेर ढकलतं. तुमच्या भिंतीपरीस हे वंगाळ हाय. हिला दिली का नोटीस?"

आठ दिवसांत आम्ही मागची भिंत उतरवली. मालकांनी रजा काढली, दीर आले, वडिलांनी पाया घातला. भिंत नवी उभी राहिली तसा मी अर्ज लिहिला की आमच्या घराचा धोका दूर केला आहे, येऊन पाहावं. बाकीच्या पाच घरांनीही जमेल तसं केलं. आता मला कुणी बोट दाखवू शकत नव्हतं.

पुढच्या मासिक मीटिंगला मी विचारलं, "भाऊसाहेब, धोकादायक कशाला म्हणायचं, ते जरा वाचून दाखवा."

ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात. त्यांनी पुस्तक काढलं आणि नोटिशीतलंच वाचलं. मोडकळीला आलेलं, पडण्याचा संभव असलेलं, राहणाऱ्याला किंवा जवळून जाणाऱ्याला धोका असलेलं.

"मग टाकीला नोटीस कधी देताय?"

सरपंच हसले. "ताई, टाकी गावाची हाय. पंचायतीनं पंचायतीलाच नोटीस द्यायची का?"

"द्यायची. खाली आमी बायका उभ्या असतो. जवळून जानाऱ्यांत आमी येत न्हाई का?"

"बगू," ते म्हणाले आणि दिवाबत्तीचा विषय घेतला. मीटिंग संपल्यावर रजिस्टर पुढं आलं. टाकीचा विषय त्यात नव्हता. मी पेन खाली ठेवलं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, चर्चा झाली तेवढी सगळी लिहीत नाहीत." मी म्हटलं, मग मीही सगळीकडं सही करत नाही. अर्धा तास तशीच बसून राहिले. शेवटी त्यांनी एक ओळ घातली, मग मी सही केली.

त्या एका ओळीमुळं तालुक्याहून साहेब आले. टाकीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "बाई, नियम इमारतीला आहे. इमारत म्हणजे जिथं माणसं राहतात, वावरतात. ही टाकी आहे. हिची तपासणी वेगळी असते."

"मग ती झाली का?"

"रेकॉर्ड पाहावं लागेल."

"टाकी इमारतीत बसत नाही, एवढं लिहून द्या."

साहेबांनी चष्मा पुसला आणि जीपमध्ये बसले. लिहून काही दिलं नाही.

मग मी घरी आले, आमच्या घराची नोटीस समोर ठेवली आणि वहीच्या मोठ्या कागदावर शब्दाला शब्द उतरवली. फक्त घरमालकाच्या जागी 'सरपंच, ग्रामपंचायत' असं लिहिलं. खाली माझी सही, हुद्दा सदस्य. शिक्का माझ्याकडं नव्हता, त्या जागी मी काही काढलं नाही. मालक म्हणाले, "हे चालंल का?" मी म्हटलं, चालणार नाही, पण वाचतील तरी.

सकाळी पाण्याच्या वेळेला पिठाची खळ घेऊन गेले आणि कागद टाकीच्या पायाला डकवला. वस्तीतल्या बायका रांग सोडून भोवती जमल्या. एकीनं घरून कासरा आणला. तो आम्ही टाकीभोवती बांधला आणि ठरवलं की एकेकीनं आत जायचं, हंडा लावून बाहेर यायचं, खाली थांबायचं नाही.

टाकीला लागून वरच्या आळीतल्या एका शेतकरीण मावशींचा गोठा होता. घर मोठं, जमीन बरीच, आमच्याशी बोलणं कामापुरतं. त्या शेणाची पाटी टाकून आल्या आणि म्हणाल्या, "काय लिवलंय गं? मला वाचता येत न्हाई, वाच."

मी वाचलं. त्यांनी मान वर करून टाकीकडं पाहिलं, मग गोठ्याकडं.

"म्हंजी आमच्या म्हशीबी यात आल्या की."

"आल्या, मावशी."

त्यांनी कासऱ्याचं एक टोक सोडलं आणि आपल्या गोठ्याच्या खांबाला घट्ट बांधलं, म्हणजे गोठाही दोरीच्या आत आला.

दुपारी सरपंच घरी आले. चहा घेतला नाही. "ताई, गावाची शोभा करताय. सरकारी मालमत्तेला कागद चिकटवलाय तुमी. कारवाई हुईल."

"करा. पन काय केलं म्हनून केली, ते लिहून द्या. मी तुमची नोटीस पाळली, अन्ना. आता तुमी माझी पाळा."

ते माझ्या मालकांकडं बघत राहिले. मालक म्हणाले, "सदस्य ती हाय. मी न्हाई." लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मला त्यांचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

ग्रामसभेत टाकीचा विषय निघाला तो मावशींमुळं. माझं बोलणं दोनदा तोडलं गेलं. त्या उठल्या तेव्हा कुणी तोडलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "माज्या गोठ्यावर टाकी पडली तर म्हशी कोन भरून देनार, त्याचं नाव सांगा." टाकी रिकामी करून तपासायचा ठराव झाला.

पुण्याहून दुसरे साहेब आले. त्यांनी हातोडा मारला तसा तिसऱ्या पायाचा हातभर तुकडा त्यांच्या बुटापाशी पडला. टाकी त्याच दिवशी बंद झाली. तिच्यात पाणी भरलेलं नव्हतं आणि खाली आम्ही नव्हतो.

पण त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. वरच्या आळीचेही नळ कोरडे पडले आणि सगळ्या गावाला विहिरीवर यावं लागलं. विहीर वरच्या आळीत. आम्ही तिथं रोज जाणाऱ्यांतल्या नव्हतो. पहिल्या दिवशी एक बाई मला ऐकू येईल असं म्हणाली, "हिच्यामुळं ही येळ आली." मी म्हटलं, "माझ्यामुळं न्हाई, टाकीमुळं," आणि माझा पोहरा सोडला. आमच्या बायका माझ्या मागं रांगेत उभ्या राहिल्या. कुणी सरकलं, कुणी तोंड फिरवलं, पण रांग एकच राहिली. उन्हाळाभर तशीच.

टाकी पाडली तेव्हा कागदोपत्री कारण लिहिलं, जुनी झाल्यामुळं. नवी टाकी टेकाडावर झाली आणि वस्तीत घरोघर नळ आले. पुढच्या निवडणुकीला माझ्या वॉर्डचं आरक्षण बदललं. मी खुल्या जागेवर उभी राहिले आणि पडले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आठ दिवस मी कुणाकडं गेले नाही.

दोन हजार सालानंतर नवे भाऊसाहेब आले. तरुण होते. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना मोडकळीला आलेल्या घरांची यादी करायची होती, आणि कुणीतरी त्यांना सांगितलं की त्या बाईंना विचारा. ते वही घेऊन माझ्या दारात आले. "ताई, तुमच्या वस्तीपासून सुरू करू या का?"

मी चपला घातल्या. "न्हाई," म्हटलं, "आधी पंचायतीच्या हापिसाचं छत बगू. मग वरची आळी. आमी हायेच."

ते माझ्यामागं निघाले.