ळ मागाहून

खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत एक आया ब्युरो होता. त्याच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरत असे. शिकायला येणाऱ्या सगळ्या बायका झारखंड, बिहारकडच्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं हे त्यांचं काम. शिकवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मी तेव्हा वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. वर्गाची बातमी करायला गेलो, ती छापून आली, आणि नंतरही जात राहिलो. वाक्यांच्या पट्ट्या लिहून देणं एवढंच माझ्याकडे होतं.

वर्गात फळा होता, पण पहिले काही आठवडे त्यावर अक्षर उमटत नसे. खिडकीपाशी एक खुर्ची असे. ती पेशंटची. बहुतेक वेळा बाई स्वतःच तिच्यावर बसत आणि अतिशय वाईट पेशंट होत. तोंड मिटून घेत, घोटभर पाणी अंगावर सांडत, मधूनच कण्हत. समोरच्या बाईने जे काही करायचं ते मराठीतून करायचं.

"मला मळमळतंय," बाई म्हणत.

"उलटी?"

"अजून नाही. तू अशीच बघत बसलीस तर होईल."

हसू फुटे. मग सगळ्या एका सुरात म्हणत, "बाईला मलमल होते!" मलमलीचं कापड आणि मळमळ यातला फरक कोणालाच ऐकू येत नसे. बाई तो सांगतही नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं. मोठ्या वयात परकी भाषा शिकणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून टोकलं की त्याचं तोंड कायमचं बंद होतं. आधी तोंड उघडू दे, उच्चार मग. हिंदीच्या मुलखातून आलेल्या जिभेला 'ळ' वळत नाही, आणि त्याच्यावाचून अडतही नाही.

"गोली मागितली तरी गोळीच मिळते," त्या म्हणत. "ळ मागाहून."

डेस्कवर एखाद्या शब्दात ल आणि ळ यांची अदलाबदल झाली तर ओरडा बसे. मी एकदा हरकत घेतली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"अहो पेपरवाले, तुमची चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ह्यांना आज संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जाऊन उभं राहायचंय. उभं राहू द्या."

दुखण्याच्या पट्ट्या मी लिहिल्या होत्या. ठणकतंय. चमक निघते. मुंग्या आल्यात. छातीत कळ येते. बाईंनी त्या चाळल्या आणि शेवटची परत दिली.

"चमक आहे, ठणका आहे, पुरे झालं. ही ठेवा, मागाहून घेऊ."

वर्गातली सर्वांत पुढे गेलेली विद्यार्थिनी झारखंडहून आलेली होती. वय तिशीच्या आत. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला काढून दिलं होतं आणि माहेरी भावाने दारात उभं केलं नव्हतं. इकडे तिला खोली नव्हती. ब्युरोच्या भाषेत तिला 'चोवीस तासांचं' घर हवं होतं, म्हणजे जिथे काम तिथेच झोप. अशी घरं मराठी समजणारी बाई मागत. एक काम संपून दुसरं मिळेपर्यंत ती ब्युरोच्या ऑफिसात, कपाट आणि पाण्याच्या पिंपामधल्या जागेत चटई टाकून निजे. तशी पाळी दोनदा आली होती. तिसऱ्यांदा ठेवून घेणार नाही, असं ब्युरोवाल्या बाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ती वर्गात सर्वांच्या आधी येई आणि सर्वांत मोठ्याने बोले.

तिला घर मिळालं. खाडीकडच्या एका जुन्या गावातलं. कुटुंब मूळचं तिथलंच. पूर्वी त्यांची भातशेती होती, घरातली माणसं मिठागरावर राबत. आता त्या जमिनीवर टॉवर उभे होते आणि त्यांच्या मधोमध यांचा बंगला. पेशंट म्हणजे घरातले बाबा. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवी बाजू गेलेली, पण बोलणं शाबूत. मुलगा इमारतींच्या कामांवर जाई, सून बँकेत. दिवसभर घरात ही आणि बाबा.

रविवारी दोन तासांची सुटी घेऊन ती वर्गाला येई आणि घरच्या गोष्टी सांगे. बाबा तिला 'पोरी' म्हणत. दुपारी टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या देत.

"बाबांची मराठी समजते का?" बाईंनी विचारलं.

"समजते. बाबा थोडा हिंदी पण बोलतात. माझ्यासाठी."

"कशावरून?"

"पानी बोलतात. डोला बोलतात. तुम्ही पाणी बोलता, डोळा बोलता."

बाई हसल्या. ती हिंदी नव्हती. त्या गावची बोली होती. तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी ण आणि ळ नसतो; पाण्याचं पानी होतं, नारळाचा नारल होतो. बाईंनी नोकरीत असताना अशा गावांतल्या मुलांना वर्षानुवर्षं 'डोला नाही, डोळा' म्हणायला लावलं होतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी खुर्चीवर दुसरी पेशंट बसायची होती, वेळ थोडा होता, आणि 'बाबा हिंदी बोलतात' ही तिची समजूत तशीच राहिली.

पुढे झालं ते मला नंतर तिच्याकडून आणि त्या घरच्यांकडून ऐकायला मिळालं, आणि दोन्हींत तपशिलाचा फरक नव्हता.

बाबांची लेक मोहने गावात दिलेली. तिचं भेटायला यायचं ठरलं होतं. सकाळी निघताना सुनेने सासऱ्यांना सांगितलं, आणि हिलाही कळावं म्हणून हिंदीत सांगितलं, "ताई कल आयेगी." सकाळभर बाबा लेकीबद्दल बोलत होते. दुपारी जेवण झाल्यावर त्यांना घाम आला. हिने तो पुसला, पंखा वाढवला. बाबा म्हणाले, "कल येते गो."

तिने ऐकलं, ताई कल येते.

"हां बाबा. कल येते."

ते पुन्हा म्हणाले. तिने पुन्हा हो म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तेच तेच म्हणत राहिले. लेकीच्या आठवणीने व्याकूळ झालेत असं समजून तिने दुसऱ्या हाताने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि वर्गात शिकवलेलं सगळं धीराचं मराठी वापरलं. काळजी करू नका. मी आहे ना. डोळे मिटा. कल येते, बाबा, कल येते. काही वेळाने हात सैल पडला. त्यांना झोप लागली असं तिला वाटलं. तिने पडदा ओढला.

सून घरी आली तेव्हा अंग गार होतं.

तेरावं झाल्यावर मुलगा आणि सून ब्युरोत आले. रविवार होता. ब्युरोवाल्या बाई त्यांना वर घेऊन आल्या. आपण शिकवून पाठवतो हे त्यांना दाखवायचं असावं. वर्ग थांबला. ती भिंतीला टेकून उभी होती. बाबा गेल्यापासून, ब्युरोवाल्या बाईंनी नाखुशीने दिलेल्या थोड्या दिवसांच्या मुदतीवर, ती पुन्हा पिंपाशेजारी झोपत होती.

सुनेने बाईंना विचारलं, "तुम्ही शिकवता का? काय शिकवता? माणूस समोर मरतोय आणि ही त्याला झोपवतेय!"

"बसा तरी," ब्युरोवाल्या म्हणाल्या.

"बसायला नाही आलो. डॉक्टर बोलले, हार्ट अटॅक. माणूस बोंबलल्याशिवाय राहील का? हिनं फोन केला नाही. पोलीस चौकीत जायच्या आधी हिला एकदा विचारायचं होतं."

मुलगा पन्नाशीचा होता. मुंडण केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट उगवू लागले होते.

"मना एकच सांग," तो तिला म्हणाला. बोलता बोलता घरची भाषा आली होती. "बाबा काय बोलला? त्याच्याच शब्दात सांग. तुझ्या नको."

तिने बाईंकडे पाहिलं, जसं वर्गात उत्तर देण्याआधी पाही.

"बोल," बाई म्हणाल्या.

ती म्हणाली, आणि तिने नुसते शब्द सांगितले नाहीत. शिकताना ती सूरही उचलत असे. श्वास तुटत, 'गो'वर आवाज खाली टाकत ती म्हणाली, "कल येते गो. कल येते."

खोलीत एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज येऊन गेला. सुनेने तोंडाला पदर लावला.

"कळ," बाई हळूच म्हणाल्या. शाळेतला, जीभ मागे वळवून केलेला उच्चार.

मुलगा त्यांच्याकडे वळला. "आमच्यात कोण बोलतं कळ? कलच बोलतात. कल, डोला, नारल. शालेत त्या एका अक्षरासाठी हातावर पट्ट्या खाल्ल्यात आमी."

"तुला काय वाटलं?" सुनेने तिला विचारलं. आवाज खाली आला होता. "कळलंच नाही तुला?"

"कललं," ती घाईने म्हणाली. मराठी येत नाही असा आरोप आहे असं तिला वाटलं असावं. "मला सगळं कललं. ताई कल येते. मी पण बोलली, कल येते. खूप वेळा बोलली."

मुलगा खिडकीशी गेला. खाली डेपोत एक गाडी मागे घेत होते; कंडक्टर शिट्टी वाजवत होता.

"चल," तो बायकोला म्हणाला. "चौकी नको."

"अहो, पण..."

"काय लिहून घेतील? बाबा बोलला ते हिनं ऐकलं. मी असतो तर समजलो असतो. मी नव्हतो."

ते गेले. ती सुटली असं आम्हाला वाटलं. ब्युरोवाल्या बाईंनी जिन्याचा दरवाजा लावून घेतला आणि म्हणाल्या, "पुढच्या घरी काय सांगू मी? मराठी येते म्हणून सांगू?"

"येते तिला," बाई म्हणाल्या.

"ऐकलं की आत्ता."

त्या संध्याकाळी तिने चटई गुंडाळली. ब्युरोतल्याच दुसऱ्या एकीने तिला शहाडला नेलं. तिथल्या एका हिंदी बोलणाऱ्या घरात आजीकडे बाई हवी होती.

पुढच्या रविवारी बाई फळ्यावर ळ लिहितील असं मला वाटलं होतं. पट्ट्यांच्या डब्यातून 'छातीत कळ येते' ही पट्टी मी वर काढून ठेवली होती. त्यांनी ती पाहिली आणि बाजूला सारली. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज एकच शब्द. कुठे."

मग त्या तोंडाला येईल ते बडबडू लागल्या. मराठी, बोली, काही नुसतेच आवाज. प्रत्येक वेळी समोरच्या बाईने विचारायचं, कुठे? कल येते. कुठे? नारल. कुठे? ताई उद्या येणार. कुठे?

"ताई कुठे येणार, बाई? घरीच येणार ना!" एक जण म्हणाली, आणि वर्ग हसला.

"तरी विचारायचं," बाई म्हणाल्या. "हसले तर हसू देत. विचारायचं, आणि हात कुठे जातो ते बघायचं. शब्द कळला असं वाटलं तर आधी विचारायचं."

नेहमीपेक्षा लवकर त्यांनी वर्ग सोडला. खाली उतरताना म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. मी शेवटी शिकवायला ठेवते. नेहमीच. शाळेत मुलांनासुद्धा आधी उत्तरंच दिली."

काही आठवड्यांनी त्या शहाडला जायला निघाल्या. पत्ता ब्युरोतून काढला होता. मी सोबत गेलो. स्टेशनपासून चालत जाण्याइतकं अंतर होतं. दुसऱ्या मजल्यावर तिनेच दार उघडलं. आत मंद टीव्ही चालू होता. तिने आम्हाला आत बोलावलं नाही. ते तिच्या हातात नव्हतं.

"कशी आहेस?" बाईंनी विचारलं.

"ठीक हूँ, मॅडम."

"मराठीत बोल की."

तिने मागे वळून आत पाहिलं.

"रविवारी ये. सुटी देत नसतील तर मी बोलते त्यांच्याशी. तुझा एक शब्द राहिलाय शिकायचा. एकच."

"नहीं मॅडम." तिने दाराची कडी हातात धरली होती. "इधर सब हिंदी बोलते हैं. मैं मराठी नहीं बोलती अब. कोई बोले तो बोलती हूँ, मेरे को नहीं आती."

"येते तुला."

"नहीं आती, मॅडम."

आतून म्हातारीची हाक आली. शब्द कळला नाही, टीव्हीच्या आवाजात तो बुडाला. तिची मान ताबडतोब वळली. आमच्याशी बोलत असताना खाली असलेला तिचा आवाज एकदम मोठा झाला.

"कहाँ? माँजी, कहाँ? हाथ रखके दिखाओ!"

उत्तराची वाट न पाहता ती आत गेली. दार उघडंच राहिलं. आतून तिचा आवाज पुन्हा पुन्हा येत राहिला, तोच प्रश्न, आणि म्हातारीचं चिडून बोलणं, की काही नाही दुखत, पाणी मागितलं मी, पाणी.

बाईंनी दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या.