चांदणबागेचा पासवर्ड

“नाव कुनाचं घालू ते सांगा ना मॅडम. बाग काय माझ्या एकटीची हाय का?”

फोनवर सुमनबाई होत्या. शनिशिंगणापूरला त्यांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. मी पारनेरला घरी बसून एका ऑनलाइन गेमच्या कस्टमर सपोर्टचं काम करते. मराठी कॉल माझ्याकडे येतात. त्या आठवड्यात सगळे कॉल एकाच गोष्टीचे होते आणि बहुतेक लोक शिव्यांनीच सुरुवात करत. सुमनबाई रडवेल्या झाल्या होत्या. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

गेमचं नाव चांदणबाग. त्यात जिंकणं-हरणं नाही. तलावाकाठी बाग लावायची, पाणी घालायचं आणि अंधारलं की काजवे बघत बसायचं. आतापर्यंत ‘गेस्ट’ म्हणून, नावगाव न सांगता खेळता येत होतं. आता कंपनीने नवी सिस्टीम आणली. मोबाईल नंबर आणि पासवर्ड देऊन खातं उघडायचं, मग जुनी बाग उचलून तिथे ठेवली जाणार. याला मायग्रेशन म्हणतात. मुदतीत केलं नाही तर बाग कायमची पुसली जाणार.

सुमनबाईंची बाग मी स्क्रीनवर उघडली आणि कॉल चालू आहे हेच विसरले. मोगऱ्याचा मोठा ताटवा, पलीकडे झेंडू, पाण्यावर धुकं, आणि धुक्यात एक निळी होडी आपली आपण हलत होती. माझ्या खिडकीबाहेर उघडा माळ आणि रणरणतं ऊन. त्या होडीत जाऊन पडावं, कुणी हाक मारू नये, असं फार वाटलं.

“ऐकू येतंय ना मॅडम? मोगरा बेबीचा हाय. ती शेजारी चहा विकती. होडी रोझीबाईंची, त्या शाळेत बाई हुत्या. झेंडू तेवढा माझा. टॅब माझ्या दुकानात पडल्याला असतो. जिला येळ मिळंल ती पानी घालती.”

मी त्यांना होल्डवर ठेवलं आणि टीम लीड निखिल सरांना विचारलं.

“एका खात्याला एकच मालक,” ते म्हणाले. “तिघी मिळून खेळतात असं लिहिलंस, तर सिस्टीम खातं ब्लॉक करेल.”

“मग लिहू नको?”

“मी काही ऐकलेलं नाही. एक नाव घ्यायला सांग त्यांना.”

मी सांगितलं. ओटीपी आला, बाग सुमनबाईंच्या नावावर गेली. पासवर्ड कुणालाही सांगू नका, हे वाक्य आम्हाला प्रत्येक कॉलवर म्हणावंच लागतं. मी म्हटलं.

“आमच्याकडं घराला दार न्हाई मॅडम, आन् खेळातल्या बागेला कुलूप घालू व्हय?”

आपला दिवस शुभ असो, असं म्हणून मी कॉल संपवला आणि उरलेला दिवस स्वतःवरच चिडत घालवला.

मायग्रेशननंतर काही दिवसांनी आम्ही एकदा तपासतो, काही हरवलं तर नाही ना. सुमनबाईंच्या बागेतलं सगळं सामान जागेवर होतं. पण मोगरा वाळून गेला होता. होडी काठाला बांधलेली. झेंडूला तेवढं पाणी होतं. मी फोन लावला.

“बेबी म्हनती, नाव तुझं तर पानी बी तूच घाल,” सुमनबाई म्हणाल्या. “रोझीबाई तर दुकानाकडं बघत बी न्हाईत. तुमच्या कंपनीनं आमच्यात भांडान लावलं. जशी हुती तशी द्या माझी बाग.”

“जुनी पद्धत बंद झाली, सुमनबाई. मागे नाही जाता येत.” आमचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, म्हणून पुढचं मी शब्द तोलून बोलले. “पासवर्ड मात्र बदलता येतो. तो कसा ठरवायचा हे तुमचं तुम्ही बघायचं. मी तो ऐकायचा नसतो. फोन बाजूला ठेवलात तरी चालेल.”

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सुमनबाईंनी हाक मारली, “बेबे, ए बेबे! रोझीबाईंना घिऊन ये. पासवर्ड ठरवायचाय.”

“आमी कशाला? बाग तुझी हाय.”

“मुकाट्यानं ये म्हनते ना!”

त्यानंतर तिघींची जी काही जुंपली, ती ऐकण्यासारखी होती. रोझीबाईंचा आवाज शाळेतल्या बाईंचा, एक तरी आकडा हवाच म्हणून अडून बसलेला. शेवटी एकदाचं ठरलं. बेबीने पासवर्ड पाठ झाला का ते पाहायला तो सबंध गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायला घेतला. मी नियमाप्रमाणे हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि स्क्रीनकडे बघत बसले. मोगऱ्यावर पाण्याचे थेंब पडत होते.

तिकिटावर, म्हणजे कॉलच्या नोंदीत, मी लिहिलं: ‘ग्राहकाला पासवर्डचं महत्त्व समजलं आहे.’ निखिल सरांनी लगेच ओके केलं.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात, की पासवर्ड एकालाच माहीत असला की खातं सुरक्षित राहतं. खात्याचं ते खरं आहे. मोगऱ्याचं नाही.