आमच्या कंदिलातली बाळंतीण

काल आपल्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर टाकलेला माझा फोटो आठवतोय ना? इथे परदेशात, यिशुनमधल्या आमच्या फ्लॅटबाहेर कॉरिडॉरमध्ये दिवाळीचा आकाशकंदील अजून लटकतोय आणि त्याला शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटं बांधलंय, तो.

आज सकाळी ग्रुपमधलेच दोघे मोठाल्या लेन्स घेऊन दारात हजर! मी कौतुकाने चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर कंदिलाच्या झिरमिळ्या मागे ओढून कपड्यांच्या चिमट्याने अडकवलेल्या. का, तर क्लिअर शॉट हवा. मादी अंडी सोडून उडून गेलेली.

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बाहेर आल्या. तुळशीचं लग्न झाल्यापासून "कंदील उतरव, लोक हसतील" म्हणून रोज माझ्या मागे लागणाऱ्या याच त्या. त्यांनी चिमटा काढला आणि म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत असं घुसतात का रे? निघा!"

"काकू, दोनच मिनिटं..."

काकू जागच्या हलल्या नाहीत. दोघे लिफ्टकडे गेले. मादी परत येईपर्यंत आम्ही दोघींनी चहाला हात लावला नाही.

मघाशी त्यांच्यातल्या एकाचा मेसेज आलाय, "पक्षी काय तुमच्या मालकीचा आहे?" नाही. पण दार आमचं आहे.

माझ्या फोटोत पक्षी कमी, झिरमिळ्याच जास्त दिसतात, मला माहितीये. तो तिचा आडोसा आहे. पिल्लं उडेपर्यंत कंदील उतरणार नाही, मग शिमगा उजाडला तरी बेहत्तर.

तुमच्या घरात बाळंतीण असती, तर फोटोसाठी तिचा पडदा कुणाला सरकवू दिला असता?