बी माझं, टोमॅटो वहिनींचा

शेजारच्या सुमन वहिनींचा गावरान टोमॅटो आज पिकला. बातमी पक्की आहे. आमच्या हिनं गच्चीवरून पाहिला.

बी माझं. आष्टीच्या मावशीनं राखेत जपलेलं. मावशी आता नाही. त्यातलंच चिमूटभर वहिनींना दिलं, उरलेलं सगळं मी लावलं. भरपूर लेंडीखत घातलं. रोपं कमरेएवढी झाली, पण नुसता पाला. फळ एकही नाही.

वहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भावजी, लई लाड केले तुमी! आमी तर नुसतं भांड्याचं पाणी टाकलं."

मी हसलो. आतून जळत होतो.

आमच्याकडे पहिलं फळ बी देणाऱ्याच्या घरी जातं. उद्या सकाळी वहिनी ते वाटीत घालून आणतील. ते बेचव निघावं असं वाटतंय, आणि त्यातलं बीही हवंय.

तुमचं असं कधी झालंय?