जांभळाखालचा पाठ

मी दुसरीतनं शाळा सोडली. परत विद्यार्थी झालो तो गेल्या साली, पंच्याहत्तरीत.

आमचं रान गावच्या शाळेला लागून आहे. विश्रामबागेतल्या डीएड कॉलेजच्या मॅडम दहा-बारा मुलामुलींना घेऊन आल्या. वर्गाबाहेर कसं शिकवायचं याची तालीम करायची आहे, तुमच्या जांभळाची सावली द्या म्हणाल्या. दिली. बायको जाऊन चार महिने झाले होते. रानात कोण येतं, कोण जातं, याचं मला काही वाटत नव्हतं.

एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी पोरं व्हायचं, अशी त्यांची रीत. मॅडम मला म्हणाल्या, तुम्हीपण बसा, म्हातारी माणसं लहान पोरांसारखी मध्येच बोलतात, यांना सवय होईल. खरंच होतं. बसलो.

त्यात एक मुलगी माणदेशातली, मेंढरं राखणाऱ्या घरची. वर्गात बरी शिकवायची म्हणे, पण बाहेर आली की वहीतनं डोकं वर काढायची नाही. दोनदा नापास झाली होती. त्या दिवशी तिचा तिसरा पाठ. हाही गेला तर खऱ्या पोरांपुढं उभं करणार नाही, वर्ष वाया जाईल, असं मॅडमनी सगळ्यांदेखत सांगितलेलं.

त्या वहीला टाचण म्हणतात. बाईनं काय विचारायचं ते त्यात असतं, आणि पोरं काय उत्तर देतील तेही आधीच लिहिलेलं असतं.

तिनं विचारलं, "मुलांनो, हे झाड आपल्याला कोणी दिलं?"

सगळे एका सुरात म्हणाले, "निसर्गाने."

मी म्हटलं, "बाई, हे माझ्या बायकोनं लावलंय."

पोरं हसली. तिनं वहीत बघितलं. "नाही आजोबा. निसर्गाने."

"निसर्ग काय डोक्यावर घागर घेऊन आला न्हवता. दोन उन्हाळं तिनं पाणी घातलं. मी नको म्हणत हुतो, बांधाची जागा जाईल म्हणून."

तिनं पान उलटलं. पुढं काही नसावं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मुलीनं वही मिटली आणि माझ्यासमोर मातीतच बसली.

"मग आजींनी ऐकलं न्हाई व्हय तुमचं?"

"कवा ऐकलं?"

"कवा लावलं, आजोबा?"

सांगायला गेलो, तर साल आठवेना. थोरली लेक झाली त्याच्या आधी की नंतर, तेही आठवेना. कुणीतरी मागनं "तीस वर्षं" म्हणालं, तिनं हातानंच त्याला थांबवलं. आणि मी बोलेपर्यंत तशीच मातीत बसून राहिली.

शेवटी म्हटलं, "म्हाईत न्हाई. असलं सगळं तिच्या ध्यानात असायचं."

ती बरोबर म्हणाली नाही, चूकही म्हणाली नाही. उठली. खोडाला किती जणांची कव लागते बघा, म्हणाली, त्यावरनं अंदाज काढू. पोरं झाडाला भिडली.

मॅडम वहीवर सही करत म्हणाल्या, "हिला उत्तराची वाट बघता येते. पास."

पोरं तीस की चाळीस यावर भांडत होती. मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो.