आत्याला न सांगितलेलं एक वाक्य

आत्या गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "लोकांना काय सांगितलंत?" ते म्हणाले, "कॅन्सर." खोटं नव्हतं... पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिला एचआयव्ही होता, हे घरात आम्हा दोघांनाच माहीत. म्हणून इथे तिचं नाव लिहीत नाही.

आत्या कोराडीला एकटी राहायची, ब्लाउज शिवायची. गोळी एक दिवस चुकवली नाही. नागपुरात जिथून ती गोळ्या आणायची, त्या दवाखान्यात एक संशोधन सुरू झालं. एचआयव्ही असलेल्यांना काही कॅन्सर जास्त होतात. गाठ दिसण्याआधीच रक्तात कॅन्सरची खूण सापडते का, ते शोधायचं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. संमतीचे मराठी फॉर्म संपले होते, म्हणून इंग्रजी शाळेतली भाची, म्हणजे मी, वाचायला बसले. मला तिथे सगळ्यांचाच संशय येत होता, नर्सच्या गोड बोलण्याचासुद्धा.

"काहून वं, इतकं काय वाचून राहिली?" आत्या म्हणाली. "माह्या रक्तावर बंगला बांधून राहिले का हे?"

नर्स हसली. मी ओशाळले, आणि एक वाक्य तसंच सोडलं. नमुने साठवून ठेवू, निकाल कुणालाही, रक्त देणाऱ्यालाही, कळवला जाणार नाही, असं काहीतरी. धड मराठी सुचेना, एवढंच.

पुढे तिच्या मानेवर गाठ आली. ती पदर ओढून घ्यायची. डॉक्टरांना दाखव म्हटलं, तर म्हणाली, "तीन महिन्याले रक्त नेतात ना ते? काही असतं तर सांगतलं नसतं काय मले?"

ते वाक्य मला तेव्हाच आठवलं. सांगायला महिना लावला. ती ऐकून उठली. मग स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली, गाठ दाखवली आणि नर्सपुढे हात धरला. "घे वं. आता तं सापडन ना?"

परवा त्या दवाखान्यातून फोन आला. आत्याच्या रक्ताचे नमुने ठेवायचे की नष्ट करायचे? गाठ येण्याआधीचे फार उपयोगाचे आहेत, असं फोनवरची बाई म्हणाली. कुणाच्या उपयोगाचे, हे मी विचारलं नाही. "काही सापडलं तर मला कळवाल?"

"तसं कळवता येत नाही, मॅडम."

या वेळी मी ते वाक्य पूर्ण ऐकलं.

"ठेवा," मी म्हणाले.